बीटलचा टर्बो: वर, खाली आणि मधला पत्रा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी १९७२ ची बीटल, राहणं फिनिक्समध्ये, इंजिन मूळचंच १६०० सीसी डुअल पोर्ट (प्रत्येक हेडला हवा आत घेणारी दोन तोंडं असलेलं), नुकतंच उघडून बांधलेलं. त्याला लहानसा टर्बो लावायचाय, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूनं फिरणारं चाक (टर्बाइन) आणि त्याच दांड्यावर बसून इंजिनात हवा दाबून भरणारं दुसरं चाक (कॉम्प्रेसर). एक मित्र म्हणतो वर बसव, इंजिनच्या खणात फॅनच्या शेजारी, म्हणजे ऑइल आपसूक खाली उतरेल. दुसरा म्हणतो खाली बसव, मफलरच्या जागी, म्हणजे एक्झॉस्टचे पाइप आखूड राहतील. कुणाचं ऐकू?

दोघंही चुकीचं सांगत नाहीत. पण पत्र्याबद्दल दोघांनीही तुम्हाला काही सांगितलेलं दिसत नाही, आणि बीटलमध्ये सगळी गोम तिथेच आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली बावीस वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात हवेवर थंड होणारीच इंजिनं उघडतो आणि बांधतो. बहुतेक फोक्सवागन, अधूनमधून पोर्शे, वर्षाकाठी एखादी शेवरोलेची कॉर्व्हेअर. तेव्हा उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

मागचं झाकण उघडलंत की इंजिनच्या भोवतीनं खणाच्या कडेच्या रबरी पट्टीपर्यंत गेलेले काळे पत्रे दिसतात. पुष्कळांना वाटतं ते धूळ-चिखल अडवायला आहेत. ती भिंत आहे. भिंतीच्या वर गार हवा, खाली गरम. फॅन वरच्या खणातली हवा ओढतो, सिलिंडर आणि त्यांच्या टोकाचं हेड यांच्या फिनमधून, म्हणजे गार होण्यासाठी काढलेल्या पातळ धातूच्या पात्यांमधून, खाली ढकलतो आणि ती तापलेली हवा गाडीखाली निघून जाते. भिंतीला कुठे भोक राहिलं तर तीच तापलेली हवा वर येते, फॅन ती परत ओढतो आणि तापलेल्या हवेनंच इंजिन गार करत बसतो. चेतकच्या सिलिंडरवरचं काउल काढून ठेवून ‘आता हवा जास्त लागेल’ म्हणणारे महाभाग मी उद्यमनगरात पाहिले आहेत. पन्हाळ्याच्या चढाला त्यांचं पिस्टन पकडायचं. मोकळी हवा लागणं वेगळं आणि हवेला फिनमधूनच जायला भाग पाडणं वेगळं.

आता टर्बोकडे बघा. जोर लावल्यावर त्याच्या टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ८०० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. ओतीव लोखंडाचं ते घर अंधारात लालभडक दिसतं. असा निखारा भिंतीच्या गार बाजूला, फॅनच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा का, एवढंच तुम्हाला ठरवायचंय.

मी एकदा ठेवला होता, म्हणून सांगतो. सुरुवातीची वर्षं होती. गिऱ्हाइकाला झाकण उघडल्यावर टर्बो दिसायला हवा होता आणि मलाही मिरवायचं होतं. फॅनच्या उजव्या अंगाला, पत्र्याच्या वर, छान चकचकीत बसवला. गावात गाडी उत्तम चालली. मग लॉस एंजेलिसच्या उत्तरेचा ग्रेपव्हाइनचा घाट चढवून बघितला. तिथला चढ सहा टक्क्यांचा आणि खिंड १,२६३ मीटरवर. बाहेर ३४ अंश. फॅनच्या तोंडाशी मी एक तापमापकाची तार चिकटवून ठेवली होती, ती अर्ध्या घाटात ६१ दाखवायला लागली. म्हणजे इंजिनच्या लेखी तो दिवस ६१ अंशांचा होता. तीन नंबर सिलिंडरच्या स्पार्क प्लगखाली हेडचं तापमान मोजणारा काटा २२५ च्या पुढे गेला तेव्हा मी पाय काढला आणि बाजूला थांबलो. नशीब की माझ्याच हातात गाडी होती. आठवडाभरानं टर्बो खाली आला, माझ्या खर्चानं.

म्हणून माझं मत सरळ आहे: टर्बो पत्र्याच्या गरम बाजूला. मागे, मफलरच्या जागेत. एक्झॉस्टचे पाइप तसेही खालीच निघतात, त्यामुळे टर्बाइनपर्यंतची धाव आखूड राहते आणि वायूतली ऊर्जा वाटेत कमी सांडते. वर न्यायचा तर ते पाइप भिंतीतून आरपार जाणार. जिथे पाइप जातो तिथे भोक, जिथे भोक तिथे गळती. रबर तिथे टिकत नाही, वितळतं.

पण खाली बसवण्याची किंमत आहे आणि ती ऑइलच्या रूपात मोजावी लागते. तुमचा पहिला मित्र इथे बरोबर आहे. टर्बोच्या मधल्या घरातून ऑइल बाहेर पडतं ते दाबानं नाही, स्वतःच्या वजनानं. फेसाळलेलं, गरम. त्याला उतार हवा, जाड पाइप हवा आणि तो पाइप जिथे रिकामा होतो ती जागा सम्पमधल्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर हवी. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात. ऑइल तुंबलं की ते कड्यांवरून एक्झॉस्टमध्ये जातं आणि मागे निळा धूर. लोक मग टर्बो खराब म्हणून बदलतात. टर्बो धड असतो, उतार नसतो.

मफलरच्या जागेत टर्बो बसला की उतार संपतो. तिथे स्कॅव्हेंज पंप लागतो, म्हणजे टर्बोखालच्या छोट्या भांड्यातून ऑइल ओढून परत सम्पमध्ये टाकणारा वेगळा पंप. हा जुगाड नाही. पोर्शेनं ९११ टर्बो काढली, ती अंतर्गत क्रमांकानं ओळखली जाणारी ९३०, तिच्यात टर्बो मागे डावीकडे खालीच आहे, आणि त्याचं ऑइल परत ओढायला कॅमशाफ्टवर चालणारा स्वतंत्र पंप आहे. ज्यांना इंजिन नव्यानं आखायची मुभा होती त्यांनीही उतार सोडला आणि पंप पत्करला, यावरून काय ते समजा. तुमच्यासाठी विजेवरचा पंप पुरेल. मात्र गरम ऑइलला चालणाराच घ्या, इंधनाचा पंप तिथे जोडू नका. आणि तो बंद पडला तर कळेल असा दिवा डॅशबोर्डवर घ्या.

मधली वाटही आहे. मागचा खालचा पत्रा, ज्याला एप्रन म्हणतात, तो कापून टर्बो क्रँक पुलीच्या उंचीला, गाडीच्या अगदी मागच्या टोकाला बसवायचा. तिथे तो भिंतीच्या बाहेर राहतो आणि ऑइलला जेमतेम उतार मिळतो. पंप वाचतो. पण मूळ बॉडी कापावी लागते. गाडी किती मूळ स्थितीत ठेवायची हे तुमचं तुम्ही ठरवा. मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारतो, कारण कापलेला एप्रन परत जोडलेला मला नेहमी ओळखू येतो.

वर बसवून कुणी निभावलंच नाही असंही नाही. शेवरोलेच्या कॉर्व्हेअरला १९६२ साली टर्बो मिळाला, तो इंजिनच्या वरच होता. १५० अश्वशक्ती, आणि १९६५ ला मोठ्या इंजिनात १८०. तिच्यात वेस्टगेटही (जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) नव्हता, एक्झॉस्टचा उलटा दाबच बूस्टला, म्हणजे टर्बोनं भरलेल्या जादा दाबाला, आवर घालायचा. पण कंपनीनं ड्रायव्हरसमोर हेडच्या तापमानाचा काटा दिला होता. कुटुंबाच्या गाडीत असा काटा फुकट कुणी देत नाही.

आता जागेइतक्याच, किंबहुना जास्त महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. फॅन चालतो बेल्टवर, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांवर. टर्बो चालतो जोरावर. साध्या बीटलमध्ये हे दोन्ही बरोबरीनं वाढतात: ताकद हवी तर फेरे वाढवा, फेरे वाढले की हवाही वाढली. टर्बो आला की ही जोडी मोडते. चौथ्या गिअरमध्ये ८० च्या वेगानं चढ चढताना इंजिन २,५०० फेऱ्यांच्या आसपास असतं. पूर्वी तिथे गाडी दमायची, तुम्ही झक मारत तिसरा टाकायचात. आता टर्बो तिथेच ढकलतो, गाडी मजेत चढते, तुम्ही खूश. आणि हेडमध्ये भरपूर उष्णता ओतली जात असताना फॅन आळसात फिरतोय. मी पाहिलेली बरीचशी टर्बो इंजिनं फेरे चढवून मेली नाहीत, वरच्या गिअरमध्ये आरामात चढताना मेली. चढाला तिसराच. त्याच वेगाला साडेतीन हजार फेरे मिळतात आणि फॅनची हवा दीडपटीच्या जवळ जाते.

तुमच्या बाबतीत यात उंचीही मिसळते. फिनिक्स साधारण ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० च्या आसपास. ब्लॅक कॅनियन सिटीनंतरचा चढ तुम्हाला माहीत असेलच. साधं इंजिन उंचीवर हवा विरळ झाली की आपोआप मंदावतं, तापमानही त्यामुळे आवरतं. टर्बो ती विरळ हवा दाबून भरून काढतो, इंजिनला उंची कळतच नाही. फॅनला मात्र कळते. तो तेवढ्याच फेऱ्यांत पाचव्या हिश्श्यानं कमी हवा ढकलत असतो. तोंडाशी विरळ हवा आणि सिलिंडरमध्ये ठासून भरलेली. खंडाळ्याहून खोपोलीला उतरणाऱ्या गाडीला हा त्रास नाही. तुम्हाला आहे.

इंजिन आधीच बांधून झालंय म्हणता, म्हणून विचारतो: बांधणाऱ्यानं हेडच्या फिनमधली ओतकामाची पापडी काढली का? नव्या हेडमध्येसुद्धा एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला फिनच्या मधल्या फटी धातूच्या पातळ पडद्यानं बुजलेल्या असतात. हेड उजेडाकडे धरून आरपार बघायचं, जिथे उजेड दिसत नाही तिथे लांब ड्रिल किंवा कानशीनं मोकळं करायचं. एका हेडला दोन-तीन तास जातात, आणि पैसे कुणी देत नाही म्हणून बरेच जण करत नाहीत. दुसरं, सिलिंडरच्या खाली, पुशरॉडच्या नळ्यांच्या मध्ये बसणारे छोटे पत्रे. ते हवेला सिलिंडरच्या खालच्या अंगाला चिकटून जायला लावतात. इंजिन दोन-तीनदा उघडलं गेलं की ते गायब होतात. कुणाला आठवतही नाही की ते होते.

तीन नंबर सिलिंडरबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर फॅनच्या खोक्यात त्याच्या वरच उभा असायचा, त्यामुळे त्याला हवा कमी आणि गरम मिळायची. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटायचा तो त्यापायी. तुमच्या १९७२ च्या इंजिनात कूलर बाजूच्या वेगळ्या घरट्यात गेलाय, हे उत्तम. पण त्या कूलरची तापलेली हवा भिंतीखाली नेणारा एक छोटा पत्रा असतो. तो नसेल तर सुधारणा फुकट. हीटरचे डबे (एक्झॉस्टच्या पाइपाभोवतीचे, गाडीत ऊब देणारे) काढून साधे पाइप लावणार असाल तर फॅनच्या खोक्याची हीटरकडे जाणारी दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर हेडच्या वाट्याची हवा खणातच सुटत राहील. एका गाडीला महिनाभर हेड तापण्याचं कारण सापडत नव्हतं. एका तोंडावर कापडाचा बोळा कोंबलेला होता आणि तो कधीचा उडून गेला होता.

थर्मोस्टॅट (तापमानानुसार फॅनची हवा कमी-जास्त करणारा) आणि त्याची झडपं काढून टाकू नका. फिनिक्समध्ये थंडी नसते असं वाटतं. पण सकाळी थंड इंजिन लवकर आणि सारखं तापावं म्हणून ती झडपं आहेत.

आता आत जाणाऱ्या हवेचं. अर्धा बार बूस्ट धरू. बाहेरची हवा ४३ अंश, तुमच्याकडची उन्हाळ्यातली नेहमीची दुपार. साधारण सत्तर टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर ती ९८-१०० अंशांवर नेऊन सोडतो. हीच हवा तुम्ही इंजिनच्या खणातून, समजा ६५ अंशांना, घेतलीत तर ती १२५ च्या जवळ जाते. जितकी गरम हवा आत, तितकं नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप होणारा अवेळी स्फोट, जवळ. नॉकिंग म्हणजे हेडला थेट हातोडा. म्हणून कॉम्प्रेसरचा फिल्टर खणाबाहेर ठेवा, मागच्या मडगार्डच्या आत वरच्या बाजूला जागा मिळते. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साडेसातच्या आसपास आहे. इंटरकूलरशिवाय (टर्बोतून आलेली गरम हवा इंजिनात शिरण्याआधी गार करणारा कूलर) मी ०.३५ बारच्या वर जाणार नाही. पोर्शेची तुलना घ्या: पहिल्या ९३० ला इंटरकूलर नव्हता, तर त्यांनी ०.८ बारसाठी कॉम्प्रेशन साडेसहावर आणलं होतं. १९७८ ला ३.३ लिटरच्या इंजिनाबरोबर मागच्या पंखाखाली इंटरकूलर आला, तेव्हा ते सातवर नेता आलं.

इंटरकूलर लावायचाच असेल तर तो फॅनच्या तोंडासमोर अजिबात नको. टर्बोची धग खाली पाठवून तीच इंटरकूलरमधून वर आणल्यासारखं होईल. पाण्यावरचा इंटरकूलर आणि पुढे लहानसा रेडिएटर ही व्यवस्था बीटलमध्ये चांगली चालते. हवेवरच्या गाडीत पाणी घालायला जीव धजत नाही, मान्य. पण पोर्शेनंही ९५९ मध्ये हेड पाण्यावर आणि सिलिंडर हवेवर ठेवलेच होते. आणि १९९५ मध्ये ९९३ टर्बोत दोन टर्बो आणि ४०८ अश्वशक्ती परत निव्वळ हवेवर काढून दाखवली, त्यामुळे हवेवर होतच नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फक्त त्यांच्याकडे मोठा फॅन, मोठा ऑइल साठा आणि पुढे ऑइलचा कूलर होता.

तुमच्या मूळ इंजिनात ऑइल मावतं अडीच लिटर. त्यातलं काही आता टर्बोच्या बेअरिंगमधून फिरून येणार. जास्तीचा सम्प, पूर्ण प्रवाहाचा फिल्टर आणि पंखा असलेला बाहेरचा कूलर, हे तिन्ही टर्बोच्या आधी घ्या. कूलर पुन्हा भिंतीच्या वर नको! गिअरबॉक्सच्या वर, मागच्या आसनाच्या पाठीमागच्या चौकटीत बरा बसतो.

एक्झॉस्टच्या पाइपांना पट्टी गुंडाळायची का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारालच. साध्या लोखंडाच्या पाइपाला मी गुंडाळत नाही. ओल धरते आणि दोन वर्षांत पाइप कागदासारखा होतो. आतून-बाहेरून सिरॅमिकचा लेप द्या, टर्बाइनला उष्णता अडवणारं घोंगडं घाला आणि टर्बो व गाडीच्या पत्र्यामध्ये दोन पातळ पत्रे बोटभर अंतरानं लावा. मधली हवाच काम करते. एका हेडपासून दुसऱ्या हेडपर्यंतचा मीटरभर पाइप ७०० अंशांनी तापला की आठ-नऊ मिलिमीटर वाढतो, स्टेनलेसचा असेल तर बारा. त्याला सरकायला जागा ठेवा आणि टर्बोचं वजन इंजिनवर वेगळ्या ब्रॅकेटनं घ्या. पाइपावर लटकवलात तर तडा हेडच्या फ्लँजपाशी जाणार, नेहमी तिथेच जातो.

एक गोष्ट घाबरवायला म्हणून नाही, तर दरवर्षी पाहतो म्हणून. या इंजिनाचा केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. पेट्रोलची जुनी नळी फुटून आग लागली आणि केस पेटला तर पाणी मारून उलट भडकतो. टर्बो बसवायच्या दिवशी सगळ्या नळ्या नव्या, क्लिपा नव्या, आणि कुठलीही नळी टर्बाइनच्या समोरून जाणार नाही.

किती तापमान चालेल? प्लगखालच्या कड्याच्या तारेवर सपाट रस्त्याला १७५ ते २०० अंश मला चालतात, चढाला थोडा वेळ २१५. २२० दिसलं की पाय काढायचा. ऑइल ११० पर्यंत ठीक, १२० ला थांबायचं. बूस्टमध्ये मिश्रण घट्ट ठेवा, एक भाग पेट्रोलला साडेअकरा-बारा भाग हवा, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं मागे, म्हणजे उशिरा. टायमिंग फार मागे घेतलंत तर हेड गार होण्याऐवजी एक्झॉस्टची बाजू जास्त तापते, तेव्हा हातानं अंदाज नको. घाट चढून आल्यावर चावी लगेच फिरवू नका. दोन मिनिटं मंद चालू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच करपून कोळसा होतं.

आठवड्यातून एकदा गावात फिरायला गाडी काढणार असाल, ०.३ बारवर समाधान असेल, तर वरचा टर्बोही चालून जाईल, फक्त त्याच्याभोवती झाकण करून ती धग भिंतीखाली सोडावी लागेल. फ्लॅगस्टाफला जायचं असेल तर खालीच.

आणि काहीही कापण्याआधी हे करा. टर्बोशिवाय, आहे त्या इंजिनावर, तीन नंबरच्या प्लगखाली एक तार, फॅनच्या तोंडाशी दुसरी, तिसरी ऑइलमध्ये. ऊन असलेल्या दुपारी ब्लॅक कॅनियनचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढा आणि तिन्ही आकडे लिहून मला पाठवा. फॅनच्या तोंडाशी बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशांहून जास्त दिसलं, तर टर्बोआधीच तुमच्या भिंतीला कुठेतरी भोक आहे. ते शोधायला मी मदत करेन. बहुतेक वेळा ते डाव्या कोपऱ्यातल्या रबरी पट्टीत सापडतं.